४८ सुयांचं मशीन आणि चाळीस टोप्या

कृष्णाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी कराडजवळ राहते. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला आणि साखर कारखान्याच्या तळावर बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या. पहाटे तीन-साडेतीनला गाड्या फडाकडे निघतात आणि बारकी पोरं आईबापांबरोबर गाडीतच असतात. गेल्या वर्षी चार-पाच वर्षांचा एक मुलगा डोक्याला आईच्या जुन्या परकराचा तुकडा गुंडाळून बसलेला पाहिला. तो काही डोळ्यांसमोरून जात नाही. या तळावर एक ते बारा वर्षांची चाळीस मुलं आहेत, मी स्वतः जाऊन मोजली. नाताळच्या आत सगळ्यांना लोकरीच्या टोप्या द्यायच्या आहेत.

माझी आई ७४ वर्षांची आहे. आमच्या घरातला एकही माणूस तिच्या हातच्या स्वेटरशिवाय वाढलेला नाही. पण तीन वर्षांपासून बोटांना संधिवात आहे आणि सुया धरवत नाहीत. म्हणून हँडल फिरवायचं ते ४८ सुयांचं गोल मशीन आणलं. हँडल तिला छान फिरवता येतं. पहिल्या दिवशी तासाभरात विणलेली नळी तयार झाली आणि किती दिवसांनी तिचा चेहरा तसा पाहिला!

पण टोपी मनासारखी होत नाहीये. उजेडाकडे धरली तर पलीकडचं दिसतं, इतकी विरळ. प्रत्येक नळीत दोन-तीन टाके निसटतात. मी वर्धमानची चार पदरी लोकर वापरली. ही टोपी खरंच उबदार कशी करायची?

शेकोटी | ११ नोव्हेंबर, रात्री १०.०५

निफाडहून लिहितोय, आमच्याकडे पारा ५ अंशांच्या खाली जातो. कान पूर्ण झाकले जातील एवढी खोल करा, ताई. बाकीचं नंतर.

निर्मला_वि | ११ नोव्हेंबर, रात्री १०.५०

कृष्णाकाठ, आईंना माझा नमस्कार सांगा. मी चाळीस वर्षं विणतेय, त्यातली पंचवीस मशीनवर.

टोपी विरळ का होते ते सांगते. याच लोकरीची टोपी आईंनी हाताने विणली असती तर किती टाके घातले असते? ८८ ते ९६. तुमच्या मशीनवर सुया ४८ आणि त्या एकमेकींपासून लांब. म्हणजे डोकं तेवढंच आणि टाके निम्मे. प्रत्येक टाका मोठा होतो आणि वारा आरपार जातो. आईंची किंवा तुमची यात काही चूक नाही, मशीनची घडणच तशी आहे.

म्हणून यावर एकेरी टोपी करूच नये. लांब नळी विणा, दोन्ही टोकं आवळून बंद करा आणि अर्धी नळी उरलेल्या अर्ध्या नळीत ढकला. दुहेरी टोपी तयार. दोन थरांमध्ये हवा अडकून राहते आणि ऊब देते ती हीच हवा. खालची कड बाहेर दुमडली की कानांवर चार थर येतात. शेकोटी म्हणतात ते कानांचं कामही होऊन जातं.

सुरुवातीच्या फेरीत धागा एका सुईच्या पुढून, दुसरीच्या मागून असा घ्यायचा. आधी पाच-सहा फेऱ्या वेगळ्या रंगाच्या टाकाऊ लोकरीच्या घाला, मग खरी लोकर, शेवटी पुन्हा टाकाऊ. नळी मशीनवरून उतरली की मोठ्या बोथट सुईने खऱ्या लोकरीचे ४८ टाके ओवून घ्या आणि नंतर टाकाऊ लोकर उसवा. ओवलेला धागा त्याच टाक्यांतून दुसऱ्यांदा फिरवून मगच आवळा. एकदाच ओवला तर शेंड्याला भोक राहतं आणि थंडी नेमकी तिथून शिरते.

चिकित्सक | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

उपक्रम चांगला आहे, पण स्पष्ट बोलतो. घाऊक बाजारात तयार टोप्या स्वस्त मिळतात. मशीन, लोकर आणि दीड महिन्याची मेहनत धरली तर त्याच पैशात शंभर टोप्या आल्या असत्या. थंडी आज आहे. मुलांना टोपी नाताळात कशाला, पुढच्या आठवड्यात द्या.

सुईदोरा | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

टाके निसटण्याबद्दल. माझ्याकडेही हेच मशीन आहे. यातल्या सुयांना नुसता आकडा आहे, झडप नाही. मोठ्या सपाट मशीनच्या सुईला बारीक झडप असते, ती मिटली की धागा आकड्यात कोंडला जातो. इथे धागा आकड्यात नीट पडला तर टाका होतो, नाही पडला तर गेला. सगळा खेळ धागा किती सैल किंवा ताठ येतो यावर आहे.

लोकरीचा गुंडा आधी सैल गुंडाळून घ्या, दुकानातल्या लडीवरून थेट विणू नका. धागा अडखळला की त्याच सुईवर टाका सुटतो. एका हाताने हँडल फिरवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांतून धागा हलका सोडत राहा. नळी थोडी लांब झाली की आतून हळुवार खाली ओढा किंवा चिमट्याने हलकं वजन लटकवा. आणि वेगळ्या रंगाची पहिली सुई आली की दर फेरीला एक क्षण थांबून सगळीकडे नजर फिरवा. सुटलेला टाका त्याच फेरीत दिसला तर क्रोशाच्या सुईने उचलून परत आकड्यावर ठेवता येतो. वीस फेऱ्यांनंतर दिसला तर शिडी झालेली असते. तीही क्रोशाने एकेक पायरी उचलत वर आणता येते, घाबरू नका.

कृष्णाकाठ | १२ नोव्हेंबर, दुपारी २.२०

निर्मलाताई, सुईदोरा, तुमचं लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ९६ टाक्यांचं ऐकून ती म्हणाली, "बरोबर आहे, मीच सांगायला हवं होतं."

चिकित्सक, तुमचं म्हणणं मी मनापासून घेतलं. आज बाजारात जाऊन सर्वांत लहान अकरा मुलांसाठी तयार टोप्या आणल्या, उद्या सकाळी देते. थंडी आज आहे हे अगदी खरं. पण चाळीस दुहेरी टोप्या आम्ही विणणारच. तीन वर्षं आई दुपारभर खिडकीशी बसून असायची. आता दुपारी जेवण झालं की ती मशीनपाशी जाते. तिला हे काम हवं आहे आणि त्या मुलांना टोप्या हव्या आहेत.

चिकित्सक | १२ नोव्हेंबर, दुपारी ३.००

अकरा आजच आणल्या हे फार बरं केलंत. माझा आक्षेप संपला. लोकरीसाठी पैसे पाठवायचे आहेत, कसे ते निरोपातून कळवा.

देशपांडे_लुधियाना | १२ नोव्हेंबर, रात्री ११.३०

नोकरीमुळे लुधियानात बारा वर्षं आहे. थंडीत पुण्या-नागपुरात फुटपाथवर तिबेटी लोक स्वेटर-टोप्या विकायला बसतात, त्यांच्यातले बरेच जण माल इथूनच उचलतात. तयार टोपीला मी वाईट म्हणणार नाही, पण एक अडचण आहे. स्वस्त टोपी 'फ्री साइज' असते. तीन वर्षांच्या मुलाच्या ती डोळ्यांवर उतरते, मूल ती काढून फेकतं आणि डोकं उघडंच राहतं. मापाची टोपी घरीच होते.

मेंढवाडा | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मी माण तालुक्यातला, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दुकानात 'लोकर' म्हणून देतात ती बहुतेक वेळा लोकर नसतेच, अॅक्रिलिक म्हणजे कृत्रिम धागा असतो. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवून बघा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, राख बोटाने चुरडते आणि ज्योत काढली की बहुधा आपोआप विझते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गोळी होते.

हे सांगायचं कारण कोप्यांवरची शेकोटी. मी लहानपणी वाड्यावर पहाटे शेकोटीला डोकं घालूनच बसायचो, ती पोरंही तशीच बसणार. ठिणगी अॅक्रिलिकवर पडली तर वितळलेला धागा कातडीला चिकटतो. घोंगडीवर पडली तर जागच्या जागी काळा डाग पडतो, एवढंच. मुलांच्या डोक्यावर खरी लोकर हवी.

हिरवी_लोकर | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

मेंढवाडा, मुद्दा मोलाचा आहे, पण दुसरी बाजूही बघा. खरी लोकर गरम पाण्यात चोळून धुतली की आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. तळावर कपडे दगडावर आपटून धुतले जातात, एका धुण्यात टोपी बाहुलीच्या मापाची होईल. अॅक्रिलिक कसंही धुवा, दोन तासांत वाळतं. शिवाय लोकर टोचते. टोचणारी टोपी मूल ठेवत नाही.

मेंढवाडा | १३ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

टोचते हे कबूल. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर तर जाडीभरडी, केसासारखी. बहिणीने हौसेने हातकताईचा धागा अशाच गोल मशीनवर लावून पाहिला, पण कुठे जाड, कुठे बारीक, आकड्यातच अडकून बसला. तो धागा घोंगडीचाच. टोपीला दुकानातली मऊ, शुद्ध लोकर घ्या.

टूकवाली | १३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

कॅलगरीहून. इथे उणे ३० होतं आणि मुलांना टोपीशिवाय शाळेच्या मैदानात सोडत नाहीत. विणलेल्या टोपीला इकडे 'टूक' म्हणतात, माझ्या नावातली तीच.

लोकरीच्या बाजूने आणखी एक गोष्ट. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. दवात आणि धुक्यात बसणाऱ्या मुलांना याचा फार उपयोग होईल. जोराच्या वाऱ्यात मात्र विणलेलं काहीही कमी पडतं, म्हणून आम्ही कानांभोवती आतून फ्लीसची, म्हणजे मऊ लवदार कापडाची, पट्टी शिवतो. कराडच्या थंडीला एवढं लागणार नाही, दुहेरी टोपी भरपूर आहे.

निर्मला_वि | १३ नोव्हेंबर, रात्री ९.४५

मेंढवाडा आणि हिरवी_लोकर, दोघांचंही बरोबर आहे आणि दुहेरी नळीत दोघांचंही जमतं! नळीचा अर्धा भाग बाहेर राहतो आणि अर्धा आत जातो. मग ९० फेऱ्यांच्या नळीत पहिल्या ४५ खऱ्या लोकरीच्या आणि पुढच्या ४५ मऊ अॅक्रिलिकच्या घाला. बाहेर लोकर, ठिणगी तिच्यावर पडेल. आत मऊ थर, टोचणार नाही. मध्ये धागा बदलताना गाठ मारा आणि दोन्ही शेपट्या आत सोडा.

सुईदोरा | १३ नोव्हेंबर, रात्री १०.२०

निर्मलाताई, ही युक्ती फार आवडली, फक्त कडेकडे लक्ष द्या. खालची कड वर दुमडली की आतला थर बाहेर दिसतो, म्हणजे कपाळापाशी नेमकं अॅक्रिलिक बाहेर येईल. दुमड दहा फेऱ्यांची धरा, म्हणजे लोकरीच्या ५५ आणि अॅक्रिलिकच्या ३५ फेऱ्या. जिथे रंग बदलतो तिथेच दुमडा. बाहेर सगळी लोकर आणि कपाळाला लागेल ते मऊ.

निर्मला_वि | १३ नोव्हेंबर, रात्री १०.३०

सुईदोरा, शाबास गं!

पमाकाकू | १४ नोव्हेंबर, दुपारी ४.००

थोडं विषयांतर. हा धागा वाचून माळ्यावरचं सपाट मशीन खाली काढलं. २०० सुयांचं, जपानी, सासूबाईंचं. ऐंशीच्या दशकात त्या त्यावर आख्ख्या गल्लीच्या शाळेचे स्वेटर करायच्या, जून-जुलैपासून मापं घ्यायला सुरुवात. कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकवायचा भाग, त्याचा तो खर्र खर्र आवाज म्हणजे माझ्या लग्नानंतरची पहिली दोन वर्षं. आता चालवलं तर सुया वर उचलल्या जातात आणि टाके धरतच नाहीत. फेकून द्यावं का?

निर्मला_वि | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

पमाकाकू, अजिबात फेकू नका! सुयांवरून जी लांब धातूची पट्टी जाते ती कडेने ओढून काढा. तिच्या खाली स्पंज असतो. तीस-चाळीस वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो, मग सुया दाबल्या जात नाहीत. भुगा खरवडून नवा स्पंज बसवला की बहुतेक मशीन पुन्हा उभं राहतं. सुया रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, मशीनच्या तेलाचा हलका हात द्या.

तुमच्या मशीनवर दोन सुयांत साडेचार मिलिमीटरच अंतर असतं, त्यामुळे बारीक लोकरीची टोपी एकेरी असूनही घट्ट होते. मला १० सेंटिमीटरला २८ टाके मिळतात. ५० सेंटिमीटरच्या डोक्याला १४०, पण टोपी ताणून बसावी म्हणून साधारण १२६ घेते. कडेला दर तिसरी सुई कामाबाहेर ठेवून विणलं की रिबसारखी पट्टी येते. ती दुमडून पहिल्या फेरीचे टाके परत सुयांवर चढवायचे म्हणजे दुहेरी कड होते. शेंड्याला एकाआड एक टाका शेजारच्या सुईवर टाकून निम्मे करा, दोन फेऱ्या विणा, आवळा आणि मागची शिवण घाला.

लेस्टरकर | १५ नोव्हेंबर, पहाटे १.१०

सुईदोरा यांनी झडपेच्या सुईचा उल्लेख केला म्हणून लिहितो. तिचा शोध आमच्याच गावातला, इंग्लंडमधल्या लेस्टरचा, मॅथ्यू टाउनसेंड यांनी १८४७ मध्ये लावला. त्याआधी अडीचशे वर्षं विल्यम ली यांची १५८९ ची पायमोजे विणायची यंत्र-चौकट चालत होती. तिच्यातल्या सुयांचा लवचीक आकडा प्रत्येक फेरीला वरून दाबून बंद करावा लागे. झडप आली आणि सुई आपलं आपण उघडू-मिटू लागली. ली यांचं कॅल्व्हर्टन गाव इथून तासाभराच्या आत आहे, मी मुद्दाम जाऊन आलो.

पमाकाकू | २३ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

स्पंज बदलला. मशीन चाललं! खर्र खर्र ऐकून हे बाहेरच्या खोलीतून आत आले, दाराशी उभे राहिले आणि "आई" एवढंच म्हणाले. कृष्णाकाठ, तुमच्या चाळिसांतल्या सहा टोप्या माझ्याकडून.

रेंचपाना | २४ नोव्हेंबर, रात्री ९.००

आजींचं मनगट दुखत असेल तर हँडल काढून तिथे ड्रिलला जोडायचा तुकडा बसतो. आमच्याकडे मुलीने तसं केलंय, ४५ फेऱ्या पाच मिनिटांत. मात्र ड्रिल सर्वांत हळू वेगावरच हवं. वेगाने फिरवलं तर प्लास्टिकच्या सुया मोडतात.

कृष्णाकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री ९.५०

आईला विचारलं. "हँडल मीच फिरवणार," म्हणाली. दिवसाला दोन नळ्या, मध्ये गरम पाण्याचा शेक, असं ठरवून घेतलंय. टाके ओवायचं बारीक काम माझं.

कृष्णाकाठ | २१ डिसेंबर, रात्री ८.३०

मंडळी, चाळीस पूर्ण झाल्या! आमच्या तेहतीस, पमाकाकूंच्या सहा आणि टूकवालीताईंनी भारतात येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवलेली एक, फ्लीसची पट्टी लावलेली. आज पहाटे सगळ्या तळावर दिल्या.

सगळं सांगते, पुढे कुणी करेल त्याला उपयोग होईल. नळी ४८ सुयांचीच, ती दोन वर्षांच्या मुलापासून मोठ्यांपर्यंत ताणून बसते. फक्त फेऱ्या बदलायच्या. दोन-तीन वर्षांना ८०, पाच-सहा वर्षांना ९०, दहा-बारा वर्षांना १००. आईने स्वतःसाठी केली ती ११५ ची. ९० फेऱ्यांच्या टोपीला आम्हाला सुमारे ६५ ग्रॅम लागली. लोकर बाहेर, अॅक्रिलिक आत, सुईदोरांनी सांगितलं तसं रंग बदलतो तिथे दुमडलं. गोंडे पहिल्या आठ टोप्यांना लावले होते. मग मेंढवाडादादांची शेकोटी आठवली आणि लोंबणारं काहीच नको म्हणून काढून टाकले. हनुवटीखालचे बंदही लावले नाहीत, धावताना कुठे अडकले तर गळ्याला फास बसेल. धुण्याबद्दल प्रत्येक आईला समोर बसवून सांगितलं: गार पाणी, चोळायचं नाही, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं आणि सावलीत आडवी टाकायची.

अकरा मुलांकडे आधीच्या तयार टोप्या होत्या. त्यांतल्या सहा जणांनी ती टोपी आत आणि नवी वर अशा दोन्ही घातल्या. गेल्या वर्षीचा परकरवाला मुलगाही याच तळावर आहे, आता पाच-सहा वर्षांचा. त्याने निळी घेतली, कानांवर ओढली, आणि गाडीत चढल्यावर बहिणीची दुमड नीट करून दिली.

मेंढवाडा | २१ डिसेंबर, रात्री ८.४५

ताई, डोळे भरून आले. आईंना दंडवत.

चिकित्सक | २१ डिसेंबर, रात्री ९.१०

पुढच्या हंगामासाठी लोकर आत्ताच घेऊन ठेवू. थंडी सरली की दुकानदार उरलेला माल कमी भावात काढतात. फेब्रुवारीत आठवण करतो.

नवी_आई | ३ जानेवारी, दुपारी १.००

आज पूर्ण धागा वाचला. माझं बाळ सहा महिन्यांचं आहे. त्याला हीच ४८ ची नळी बसेल का, किती फेऱ्या घालू?

कृष्णाकाठ | ३ जानेवारी, दुपारी ३.४०

आई शेजारी बसून सांगतेय तसं लिहिते. ४८ ची नळी तान्ह्याला ढिली होते. मशीनवरचा खटका नळीवरून सपाट विणीवर करा. मग हँडल एका टोकापर्यंत फिरवून परत उलटं फिरवायचं. ३६ सुया वापरा, ६४ ओळी विणा, बाजूची शिवण घालून नळी करा आणि मग दुहेरी. इतक्या लहान बाळाला दोन्ही थर मऊ धाग्याचेच ठेवा आणि शेकोटीजवळ नेऊ नका. झोपवताना टोपी काढून ठेवा. शिवण नळीच्या आतल्या अंगाला घाला म्हणजे ती दोन थरांमध्ये लपेल, नाहीतर बाळाच्या कानामागे रुतेल.